बोनाफाईड हा शब्द फ्रेंच नाही का? मी बारा वर्षं पोरांना तसंच सांगत आली

झेडपीची_मॅडम:

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात शिकवते, सातवी-आठवीचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही माझ्याकडेच आहे. प्रश्न तसा लहान आहे पण चार दिवस झाले डोक्यातून जाऊनच नाही राहिला, म्हणून इथं विचारते.

आपल्याकडे बोनाफाईड कोणाला माहीत नाही? शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, एसटीचा पास असो, जातीचा दाखला असो, पहिले शाळेतून बोनाफाईड आणा. जून-जुलैत तर ऐन पेरणीच्या दिवसात मायबाप आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहतात, पायाला चिखल तसाच, हातात आधार कार्डाची घडी, अन् म्हणतात मॅडम तेवढं बोनाफाईड आजच द्या, उद्या पुन्हा मजुरी बुडते. इतका घरचा शब्द आहे हा. मग दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी पोरगं विचारतेच की मॅडम बोनाफाईड म्हणजे काय. आणि मी दरवर्षी सांगत आली की हा फ्रेंच शब्द आहे, बाँ म्हणजे चांगलं, जसं बाँजूर, बाँ व्हॉयाज, तसंच बोना. हे मी कुठं वाचलं नव्हतं, कोणी मला शिकवलं पण नव्हतं, माझं मीच जोडलं होतं आणि एकदा जोडल्यावर मला ते इतकं बरोबर वाटलं की पुन्हा कधी तपासलंच नाही.

मागच्या आठवड्यात तालुक्याला प्रश्नमंजुषा होती. आमची आठवीची एक पोरगी शेवटच्या फेरीत गेली. प्रश्न आला, बोनाफाईड हा शब्द मूळ कोणत्या भाषेतला. तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, फ्रेंच. उत्तर लॅटिन होतं. एका गुणानं आमचा पहिला नंबर गेला. परत येताना एसटीत ती माझ्या बाजूलाच बसली होती, खिडकीच्या दांडीला डोकं टेकवून, गाव येईपर्यंत काही बोलली नाही. उतरताना फक्त एवढं म्हणाली, मॅडम, पण तुम्हीच तर सांगितलं होतं ना.

नंबर गेल्याचं मला काही नाही, पण ते वाक्य मला रात्री झोपू देऊन नाही राहिलं. बारा वर्षांत किती पोरं माझ्या हाताखालून गेली, सगळ्यांच्या डोक्यात मी हे घालून ठेवलं. तर विचारायचं असं की खरंच हा शब्द शंभर टक्के लॅटिन आहे का, असला तर मग तो फ्रेंचसारखा का वाटते, आणि सोमवारी वर्गात मी हे पोरांना कसं समजावून सांगू की त्यांना नुसता पाठ न होता कळलं पाहिजे.

काळाकोट_केळापूर:

मॅडम, लॅटिनच आहे, यात काही वाद नाही. मुळात दोन वेगळे शब्द आहेत, बोना आणि फिदे. फिदेस म्हणजे विश्वास, इमान. बोना म्हणजे चांगला. आणि फिदे हे त्या फिदेसचं विभक्ती लागलेलं रूप आहे. तुम्ही मराठी शिकवता म्हणून सांगतो, आपल्या तृतीयेसारखं समजा, ने-शी-नी वाली. म्हणजे बोना फिदे याचा सरळ अर्थ चांगल्या विश्वासाने, सद्भावनेने. संस्कृतात सद्भावेन म्हणतो ना, तेच. लॅटिनमध्ये आपल्यासारखे प्रत्यय शब्दाच्या शेपटीलाच लागतात, वेगळा शब्द लागत नाही. म्हणून तो ने शब्दाच्या आतच बसलेला आहे. याच्या उलट माला फिदे, वाईट हेतूने. आमच्याकडे एखाद्या अधिकाऱ्याचा आदेश रद्द करून मागायचा असला की याचिकेत मालाफाईड हा शब्द येतेच.

मूळ अर्थ असा हेतूचा होता, नंतर घसरत घसरत तो खरा, अस्सल असा झाला. बोनाफाईड विद्यार्थी म्हणजे त्या शाळेचा खरोखरचा विद्यार्थी. घरमालकाला जागा खाली करून पाहिजे असते तेव्हा तो म्हणते माझी बोनाफाईड गरज आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम १६ ला त्याची तरतूद आहे. म्हणजे बहाणा नाही, खरीच गरज.

आता फ्रेंच का वाटते त्याचं अर्धं कारण आमच्या कोर्टातच आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, म्हणून पुढं कोर्टातला युक्तिवाद फ्रेंचमध्ये चालायचा आणि दप्तर लॅटिनमध्ये लिहिलं जायचं, आणि ज्याची केस आहे तो बिचारा इंग्रजी बोलणारा, त्याला दोन्ही समजत नव्हतं. १३६२ ला कायदा केला की युक्तिवाद इंग्रजीत करा, तरी दप्तर लॅटिनमध्येच राहिलं, ते पूर्ण इंग्रजीत यायला १७३३ उजाडलं. तोपर्यंत दोन्ही भाषांचे शब्द कायद्यात असे मुरून गेले होते की एका वाक्यात शेजारी शेजारी बसतात. मॉर्गेज फ्रेंचकडून आलेला, अ‍ॅफिडेव्हिट लॅटिन. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे त्याने शपथेवर सांगितलं, आणि त्यातलं फिड पाहा, तेच फिदेस, विश्वास.

एक अजून, आणि हे टोमणा म्हणून नाही सांगत आहे. कायद्यात सद्भावना या शब्दाच्या दोन व्याख्या आहेत. १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्यातल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा, म्हणते की गोष्ट प्रामाणिकपणे केली असली की ती सद्भावनेनं केली, मग त्यात हलगर्जी असली तरी. पण १८६० ची दंड संहिता, कलम ५२, म्हणायची की योग्य ती काळजी आणि लक्ष नसेल तर सद्भावना म्हणताच येत नाही. पहिल्या व्याख्येनं तुमची चूक बोनाफाईड आहे. तुम्ही चार दिवस झोपल्या नाही, ते मला वाटते दुसऱ्या व्याख्येमुळं.

पऱ्हाटीवाला_आर्णी:

मॅडम एक सांगू का, राग नका मानू. लॅटिन का फ्रेंच, आमाले काय फरक पडते? आमाले दाखला भेटला म्हणजे झालं. पोरीचा एक मार्क गेला, जाऊ द्या, पुढच्या साली आणन.

झेडपीची_मॅडम:

भाऊ राग नाही. पण फरक पडते. तुम्ही दुकानात बियाणं मागता एक आणि पिशवीत निघते दुसरं, उगवते दोन्ही, तरी तुम्ही दुकानदाराला विचारता ना? मी पोरांना जे देते ते पिशवीवर लिहिल्याप्रमाणंच असलं पाहिजे, असं मला वाटते.

वकील साहेब, दुसरी व्याख्याच बरोबर आहे. ऑफिसच्या कपाटात जाडी डिक्शनरी आहे, बारा वर्षांत हा एक शब्द मी त्यात उघडून पाहिला नाही.

वर्धेकडची_फ्रेंचवाली:

मॅडम नमस्कार, मी मूळची वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली, सध्या नागपूरला राहून फ्रेंच शिकते आहे, म्हणून हा धागा दिसला आणि राहवलं नाही. तुमची चूक बिनबुडाची नव्हती हे पहिले सांगते. फ्रेंचमध्ये बॉन फ्वा असा शब्द आहे, अर्थ अगदी तोच, सद्भावना. द बॉन फ्वा म्हणजे सद्भावनेनं. आणि हा बॉन फ्वा त्या लॅटिन बोना फिदेसचाच वंशज आहे, कारण फ्रेंच ही लॅटिनची मुलगी. बोना झिजून बॉन झाला, फिदेस झिजून फ्वा झाला, जसं आपल्याकडे हस्तचा हात झाला, अग्नीची आग झाली, कर्णचा कान झाला. तुम्ही नातीचा चेहरा पाहून आजीला नातीच्या नावानं हाक मारली एवढंच झालं. फ्रेंचला लॅटिनपासून झिजायला हजार वर्षं लागली आणि इंग्रजीनं मात्र बोनाफाईड हा शब्द न झिजलेला, थेट लॅटिनमधून जसाच्या तसा उचलला. पोरांना हस्त-हात फळ्यावर लिहून दाखवलं तर पटकन समजेल असं मला वाटते.

ओळखायची एक खूण देते. बोनाफाईड फ्रेंच असता तर शेवटचा ए तोंडात आलाच नसता, फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं लिहितात आणि गिळतात. लॅटिनमध्ये लिहिलं ते बोलायचं, म्हणून तिथं फिदे, दोन अक्षरं. आपण जो फाईड म्हणतो तो ना लॅटिन ना फ्रेंच, तो साईड, टाईड वाचायच्या सवयीनं झाला आहे. जुने इंग्रज लोक बोना फायडी म्हणायचे.

पण ही खूणही नेहमी चालत नाही, आमच्याच वर्गात फसगत होते. डी फॅक्टो म्हणजे प्रत्यक्षात, डी ज्युरे म्हणजे कायद्यानं, यात डी आहे म्हणून सगळे फ्रेंच समजतात, दोन्ही लॅटिन आहेत. व्हाइस व्हर्सा लॅटिन आणि व्हिजाव्ही फ्रेंच, हे दोन तर लोक अर्थानंसुद्धा एकमेकात घालतात, एक म्हणजे उलटसुलट लावलं तरी तसंच, दुसरं म्हणजे समोरासमोर, च्या तुलनेत. स्टेटस को मधला को ऐकून मलाही आधी फ्रेंचच वाटायचं, तो लॅटिन निघाला.

पऱ्हाटीवाला_आर्णी:

स्टेटस को मले माहीत आहे बाप्पा. धुऱ्याच्या भांडणात कोर्टानं दिला होता, जैसे थे. आठ वर्षं झाले, धुरा जैसे थेच आहे.

मॅडम तुमचं बियाण्याचं पटलं, म्हणून आता मी पण इचारतो. वकील साहेबानं सांगतलं का तिकडं केस एका भाषेत चाले अन् लिहे दुसऱ्या भाषेत. मंग आपल्या इकडं पण तसंच होतं का? कारण माह्या आज्याच्या पेटीत जुने कागद आहेत, अक्षर मोडी आहे पण ज्याले वाचता येते तो वाचून दाखवते तर अर्धे शब्द आपल्याले समजत नाहीत.

काळाकोट_केळापूर:

दादा, अगदी तसंच होतं. इकडं राज्य निजामाचं, दरबारची भाषा फारसी. १८३७ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं आपल्या मुलखातल्या कोर्टातून फारसी काढायला घेतली, आणि वऱ्हाडाचा कारभार तर निजामाकडून इंग्रजांकडं १८५३ ला आला. पण शब्द कुठं गेले? अर्ज, वकील, फिर्याद, जामीन, तारीख, हजर, दस्तऐवज, तहसील. तुमच्या सातबाऱ्यावर आणि माझ्या वकीलपत्रावर आजही तेच आहेत. यातले बरेच मूळचे अरबी, आपल्याकडं आले फारसीच्या हातून. इंग्लंडात लॅटिन आणि फ्रेंच जसे गुंतले तसेच इथं अरबी आणि फारसी गुंतले. वकील हा शब्द फारसी समजणारे मी कोर्टात पुष्कळ पाहिले, तो अरबी आहे.

सगळ्यात चांगलं उदाहरण वगैरे. तो अरबीतून आला, त्यातला सुरुवातीचा व म्हणजे आणि. आणि त्याशिवाय इतर, असा पूर्ण अर्थ. लॅटिनमधला एट सेटेरा पण तोच, एट म्हणजे आणि, सेटेरा म्हणजे बाकीचे. दोन्हीकडं लोकांनी दुसऱ्याची अख्खी शब्दजोडी उचलून आपला एक शब्द केला.

मेडिकलवाला_दारव्हा:

मी गेली अठरा वर्षं मेडिकल चालवतो, लॅटिन आमच्याकडं रोज दोनशे वेळा येते पण कोणाला दिसत नाही म्हणून लिहितो आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर बीडी लिहिलं म्हणजे बिस डाय, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा, त्यातला टी म्हणजे टेर, आपल्या त्रिचाच भाऊ. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, एचएस म्हणजे झोपताना. चिठ्ठीच्या डोक्यावर आरचं चिन्ह असते, त्याचा शब्द रेसिपे, लॅटिनमध्ये घे. स्वयंपाकाची रेसिपी पण तिथूनच.

आता यातला एसओएस. त्याचा अर्थ सि ओपुस सित, गरज पडली तर. जहाज बुडताना पाठवतात त्या एसओएसशी याचा काही संबंध नाही. मागच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या आजीला डॉक्टरनं तापाची साधी गोळी एसओएस लिहून दिली होती, ताप आला तर घ्या म्हणून. रात्री तिच्या नातवानं चिठ्ठी वाचली, तो मोबाईल बघणारा हुशार पोरगा, त्याला वाटलं डॉक्टरनं धोक्याचा इशारा लिहिला आहे अन् आजीला कोणी सांगितलं नाही. रात्री अकराला पावसात ऑटो करून तालुक्याला आणलं. आजी ऑटोत टुकटुक बसलेली, पदराच्या गाठीत त्या गोळ्या तशाच, एकही खाल्ली नव्हती कारण ताप आलाच नव्हता. माझं शटर अर्धं खाली होतं, त्यानं चिठ्ठी माझ्या हातात दिली तेव्हा त्याचा हात थरथरत होता. तेव्हापासून मी एसओएस दिसलं की पाकिटावर मराठीत लिहितो, ताप आला तरच. त्यासाठी लाल पेन ठेवला आहे.

मालाफाईडवरून आठवलं, मलेरिया. तो इटालियन, माला आरिया, खराब हवा. इटालियन पण लॅटिनचीच मुलगी. लोकांना वाटायचं दलदलीच्या वासानं ताप येते, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला डासाच्या पोटात तो जंतू शोधून काढला. नाव मात्र खराब हवाच राहिलं.

रिटायर_गुरुजी_अमरावती:

बाई, सोमवारच्या तासासाठी एक सुचवतो, माझ्या वर्गात नेहमी चालायचं. कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर ठेवा. सप्टेंबरमध्ये सप्त, ऑक्टोबरमध्ये अष्ट, नोव्हेंबरमध्ये नव, डिसेंबरमध्ये दश. मुलं लगेच म्हणतील गुरुजी पण सप्टेंबर तर नववा. मग सांगायचं की रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, मोजून बघा. आपलं चैत्राचं वर्षही त्याच सुमाराला लागतं. तिथून लॅटिन आणि संस्कृत या बहिणी कशा, ते सांगता येतं. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या भाषणात हेच मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोग असू शकत नाही.

आणि ग्रामसभा तहकूब होते ना कोरम नाही म्हणून, तो कोरमही लॅटिनच. अर्थ ज्यांच्यापैकी. षष्ठीचं अनेकवचन आहे ते. पूर्वी इंग्लंडात न्यायाधीश नेमायच्या आज्ञापत्रात लिहायचे की ज्यांच्यापैकी अमुक असलाच पाहिजे, त्या वाक्यातला पहिला शब्दच नाव होऊन बसला. विभक्तीचे प्रत्यय मुलं रडत पाठ करतात, हा एक शब्द त्यांना रोज सरपंचाच्या तोंडून ऐकू येतो.

वर्धेकडची_फ्रेंचवाली:

गुरुजींनी विभक्तीचं काढलं म्हणून, पेपरमध्ये सुमोटो येते ना, नागपूर खंडपीठानं सुमोटो दखल घेतली म्हणून, तो शब्द सुओ मोतू आहे, शेवटी ऊ. स्वतःच्या हालचालीने, स्वतःहून. पुन्हा तीच तृतीया. ओ लागून लागून तो इटालियनसारखा वाटायला लागला आहे.

झेडपीची_मॅडम:

सोमवार झाला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, सविस्तर लिहिते.

हजेरी झाल्यावर आधी त्या पोरीला उभी केली आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की उत्तर तिचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. वर्ग एकदम गप्प झाला, आमच्याकडे मॅडमनं असं म्हणायची रीत नाही. मग ऑफिसमधून डिक्शनरी आणली, वरची धूळ पोरांसमोरच पुसली, आणि तिलाच पान काढायला लावलं. तिनं बोट ठेवून वाचलं, लॅटिन. फळ्यावर एका बाजूला हस्त-हात, कर्ण-कान लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला बोना फिदेस-बॉन फ्वा. मधे बाण काढले. तृतीयेचं सांगितलं तेव्हा एका पोरानं विचारलं, मॅडम मग सद्भावनेने दाखला असं म्हणायचं का, त्याला मी हो म्हटलं, कारण तो दाखला आम्ही सही करताना पोराला ओळखतो म्हणूनच देतो ना. कॅलेंडर उतरवायच्या वेळी तर अख्खा वर्ग टेबलावर ओणवा झाला, बोटं मोडून मार्चपासून मोजत होते, आणि सातवर सप्टेंबर आला तेव्हा जो आवाज झाला तो बाजूच्या वर्गातल्या सरांना पाहायला यावं लागलं.

जुन्या पोरांच्या ज्या ज्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत त्या सगळ्यांवर पण लिहून टाकलं. दोघंतिघं आता स्वतः शिक्षक आहेत, त्यातल्या एकानं फोन करून सांगितलं की मॅडम मी पण माझ्या वर्गात फ्रेंचच सांगतो. त्याला हा धागा पाठवला आहे.

एसओएसचं मेडिकलवाल्या दादांनी लिहिलं ते पोरांनी वहीत उतरवून घेतलं, घरी आजी-आजोबांच्या चिठ्ठ्या वाचणारी तीच पोरं आहेत.

आता एक अडलं. त्याच पोरीनं सुट्टी झाल्यावर थांबून विचारलं की मॅडम सत्काराला देतात तो बुके लॅटिन का फ्रेंच. मी म्हटलं मला आत्ता सांगता येणार नाही, उद्या विचारून सांगते. आमच्या डिक्शनरीत शब्द आहे पण त्या पानाचा कोपरा उंदरानं खाल्ला आहे.

वर्धेकडची_फ्रेंचवाली:

फ्रेंच आहे मॅडम, यावेळी पक्का फ्रेंच. शेवटी ट लिहितात आणि बोलत नाहीत, तीच गिळलेल्या अक्षराची खूण. मूळ अर्थ झाडांचा लहानसा झुपका. तिला सांगा तिनं बरोबर शब्द पकडला.